यूसुफचाचांचा डिपर

यूसुफचाचा गाडी चालवत असताना त्यांना काही सांगायचं नाही. रस्ता नाही, सिग्नल नाही, मागून कोण येतंय तेही नाही. आमच्या घरात हा नियम मी साडेचार वर्षांची असताना मला शिकवण्यात आला. तेव्हा चाचा कुवेतमधल्या महबूलातल्या आम्हा सहा पोरांना मागच्या सीटवर कोंबून फहाहीलच्या शाळेत सोडायचे. एकदा शाळेचं वळण मागे पडलं, ते मी पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळी अब्बांनी मला समोर बसवून समजावलं की यूसुफचाचांना कुवेतचे सगळे रस्ते पाठ आहेत, वळण मागे पडलं असेल तर त्यात वळणाची चूक असणार. का, असं मी विचारलं. ‘का’ विचारायचं नाही, हाही नियमाचाच भाग असल्याचं कळलं.

यूसुफचाचा माझे सख्खे चाचा नव्हेत. ते अब्बांचे दोस्त, दापोलीकडचे. चौतीस वर्षं एका तेलाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते, आणि चौतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. तसं लिहिलेलं कंपनीचं सर्टिफिकेट त्यांच्या हॉलमध्ये काचेत लावलेलं असायचं. आता चाचा गावी असतात. हॉलमध्ये दुसरं कुटुंब राहायला आलंय. मी मात्र अजून फहाहील एक्स्प्रेसवेवर मागून कुणी हेडलाइट मारला की कासावीस होते. लोकांना वाटतं मी स्पीडला घाबरते. मी कशाला घाबरते ते सांगते.

सुरुवात मिक्सरपासून झाली. चाचांचं कायमचं गावी जायचं ठरलं होतं आणि फखरुन्निसाचाची खोक्यांमागून खोकी भरत होती. तिला मिक्सर हवा होता म्हणून मी तिला एगैलाच्या मॉलमध्ये घेऊन गेले. मिक्सरबरोबर सोडतीचं एक कुपन मिळालं. असली कुपनं मी नेहमी पर्समध्ये कोंबते आणि दोन महिन्यांनी टिश्यू समजून नाक पुसते. त्या दिवशी नेमकं पेन हातात होतं. मी चाचांचं नाव आणि नंबर लिहून कुपन पेटीत टाकलं. तीन आठवड्यांनी फोन आला: चार माणसं, सात दिवस, जमैका. विमानाची तिकिटं, राहायची सोय आणि फिरायला भाड्याची गाडी.

चाचांनी विचारलं, जमैका सौदीतल्या दम्मामच्या पुढं काय. मी नकाशा दाखवला. त्यांनी बोटानं अंतर मोजलं, बोटं पुरली नाहीत, तेव्हा ते म्हणाले, गाडी हाय म्हणतेस ना, मग जाऊ.

चार माणसांत चाचा आणि चाची झाले. तिसरे जयरामकाका, गुहागरकडचे, वेल्डिंगचे फोरमन. काकू गावी असल्यामुळे सत्तावीस वर्षं बॅचलरांच्या खोलीत काढलेला हा माणूस प्रत्येक शुक्रवारी चाचांकडे जेवायला असायचा आणि जेवण झाल्यावर चाचीला मीठ किती कमी पडलं ते सांगायचा. चौथी मी. मला नेण्यामागे माझ्या सहवासाची ओढ अजिबात नव्हती. तिथे इंग्रजी बोलायला कुणीतरी लागणार होतं.

निघायच्या आधी चाचीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. सुकट पिशव्यांत भरता भरता तिनं सांगितलं की परत आल्यावर आठवड्याभरात चाचांचा अकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, रद्द होणार, आणि अकाम्याबरोबर लायसनही जाणार. गावी घरची गाडी नाही. जावयाकडे आहे, पण जावई सासऱ्याला हात लावू देत नाही, डोळ्यांचं कारण सांगतो. “हे सात दिवस त्यांना पोटभर चालवू दे,” ती म्हणाली. “मग कोण देणार हाय त्यांच्या हातात? तू तेवढं तोंड बंद ठेव, बाय.”

मी हो म्हटलं. (मी पटकन हो म्हणते. ते टिकत नाही, एवढंच.)

तीन विमानं बदलून आम्ही पोचलो. विमानतळावरच्या साहेबानं चाचीची सुकट वास घेऊन बाजूला काढली, मग चेहरा वाकडा करून लांब नेली. चाची त्या पिशवीकडे मुलगी सासरी निघाल्यासारखी बघत राहिली. मी गाडीच्या काउंटरवर गेले. फॉर्मवर ड्रायव्हरच्या दोन जागा होत्या. एकीत चाचांचं नाव लिहिलं. दुसरीत माझं. आठ महिन्यांपूर्वी मला कुवेतचं लायसन मिळालं होतं, माझी स्वतःची सेकंडहँड गाडी होती, मी इंजिनिअर होते, मी का लिहू नये? चाचांनी ते पाहिलं. चावी त्यांनी काउंटरवरून उचलली ती थेट शर्टाच्या खिशात गेली आणि बटण लागलं.

जमैकात गाडी डाव्या बाजूनं चालवतात आणि स्टेअरिंग उजवीकडे असतं. चाचा म्हणाले, डावीकडनं चालवायला मी दापोलीत शिकलो, तेव्हा तुझा बाप शाळेत होता. ते खरं होतं. पण दापोलीनंतर चौतीस वर्षं उजवीकडची झाली होती आणि हातांना तेवढंच आठवत होतं. वळण आलं की चाचा डाव्या हातानं इंडिकेटर द्यायचे आणि काचेवर वायपर सुरू व्हायचे. बाहेर लख्ख ऊन. दर वळणाला आमची गाडी कोरडी काच पुसत वळायची. तिसऱ्या वळणाला मी म्हटलं, चाचा, इंडिकेटर उजव्या हाताला आहे. चाचीनं मला चिमटा काढला. चाचा म्हणाले की काचेवर धूळ होती.

मी नऊ ठिकाणांची यादी केली होती. धबधबे, निळं खाजण, डोंगरातला कॉफीचा मळा, प्रत्येकाला किती वेळ द्यायचा तेही. या यादीचं जे झालं त्याला जमैका जबाबदार आहे. तो देश कोकणासारखा दिसतो. तांबडी माती, माड, आंबे, रस्त्याला लागून केळी, कोयत्यानं शहाळी फोडणारी माणसं. पहिलं फणसाचं झाड दिसल्यावर चाचांनी गाडी थांबवली आणि तिघं खाली उतरून त्याच्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्यालाही थांबवली. मग नीरफणस सुरू झाले. जयरामकाकांनी गावी काकूंना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल झाडाकडे धरला. काकू म्हणाल्या, हे आपल्या परसात आहे, याची भाजीसुद्धा तुम्ही कधी खाल्ली नाहीत, आणि ते बघायला एवढ्या लांब गेलात? काकांनी नेटवर्क गेल्याचं सांगून फोन बंद केला.

चार दिवसांत नऊपैकी दोन ठिकाणं झाली आणि नीरफणस अकरा. मी दिवसातून तीनदा चावी मागायची. चाचा, जरा मी घेते, तुम्ही आरामात झाडं बघा. उत्तर ठरलेलं: तू बस, बाहेर बघ. जयरामकाका पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणायचे की माझं लायसन अजून ओलं आहे, वाळू दे. मी चिडून सांगायची की मी रोज महबूला ते फहाहील चालवते, तुमच्या मदतीशिवाय. (हे वाक्य मी त्या चार दिवसांत किती वेळा म्हटलं ते आठवलं की आजही उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.)

आता डिपर.

कुवेतमध्ये हायवेवर मागून हेडलाइट दोनदा चमकला की त्याचा अर्थ एकच: हट, मी येतोय. समोरूनही तेच. चाचांनी चौतीस वर्षं हा डिपर खाल्लाही आणि दिलाही. जमैकात अरुंद रस्ता आला, समोर गाडी दिसली की चाचा सवयीनं दोनदा डिपर मारायचे आणि पुढे निघायचे. समोरचा थांबायचा नाही. तो सरळ आत शिरायचा, आणि वर हात करून, हसून, कधी छातीला हात लावून हॉर्न वाजवायचा. चाचांना दर वेळी कडेला गवतात उतरावं लागायचं. त्यांना हे कोडं सुटेना. घुसतात ते घुसतात, ते म्हणायचे, आणि वर सलाम करतात. जयरामकाकांनी निष्कर्ष काढला की इथली माणसं उद्धट आहेत पण मनानं चांगली आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाई नाश्त्याला माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी चाचांची फार तारीफ केली. असा सभ्य माणूस या रस्त्यावर कित्येक वर्षांत पाहिला नाही, प्रत्येकाला वाट देतो, त्यांच्या भावालासुद्धा काल दिली. मी म्हटलं, वाट? त्या म्हणाल्या, हो, लाइट मारून बोलावतो ना, ‘तुम्ही आधी या’ म्हणून.

मला हसू आवरेना. चहा नाकातून आला. त्याच क्षणी उठून मी चाचांना सांगणार होते. ते अंगणात गाडीची काच पुसत होते, खरोखर धूळ असलेली. मी गेले आणि आधी, सवयीप्रमाणे, चावी मागितली. मालकीणबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. चाचांनी बाईंकडे पाहून, हसून, आपल्या इंग्रजीत सांगितलं की ही अजून बेबी आहे, नुसती टॉकिंग. बाई हसल्या. जयरामकाका हसले. चाचीसुद्धा हसली, आणि चाची माझ्या बाजूची होती असा माझा समज होता.

मी तोंड मिटलं. ठीक आहे, मी म्हटलं मनात. चालवणाऱ्याला काही सांगायचं नाही ना, नाही सांगत. नियम तो नियम.

पुढचे दोन दिवस मी मागच्या सीटवर बसून मजा बघितली. हे लिहायला बरं वाटत नाही. चाचा डिपर मारायचे, समोरचा यायचा, चाचा गवतात उतरायचे आणि मी खिडकीकडे तोंड करून हसायची. संध्याकाळी त्यांनी जयरामकाकांना विचारलेलं मी ऐकलं, की आपलं चुकतंय का काही, जावई म्हणतो तसं डोळ्यांचं असेल काय, अंतराचा अंदाज येत नसेल. काका म्हणाले, नाय रे, रस्तेच बारीक हायत. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. एका वाक्याचं काम होतं. मी मोबाइलमध्ये धबधब्याचे फोटो बघत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही पोर्ट अँटोनियोकडे निघालो. पाऊस नुकताच थांबला होता. एका वळणावर नदी लागली आणि नदीवर जुना लोखंडी पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडच्या तोंडाशी केळ्यांनी भरलेला ट्रक उभा होता. आम्हाला वाट देण्यासाठी तो शांतपणे थांबला होता. पाळी आमची होती.

चाचांनी डिपर मारला. दोनदा.

ट्रक निघाला. आम्हीही निघालो. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण पाच दिवस जे तोंड चावीसाठी एकसारखं चालत होतं त्यातून त्या वेळी काही बाहेर पडलं नाही. मी वाट बघत होते. कशाची, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. बहुतेक ट्रक थांबेल याची. किंवा चाचांनी एकदा तरी चुकावं आणि ते मी बघावं, याची.

पुलाच्या मधोमध चाचांनी ब्रेक मारला. ट्रकवाल्यानंही मारला. चाचीचा खजुराचा डबा माझ्या मांडीवर आला. गाडी थोडी घसरली, डावीकडचा आरसा कठड्याच्या खांबाला लागला, तुटला आणि खाली नदीत पडला. कुणाला काही लागलं नाही. पाण्यात आरसा पडल्याचा आवाज आम्ही चौघांनीही ऐकला.

ट्रकवाला उतरून आला. पन्नाशीचा, रबरी बूट घातलेला माणूस. रागावलेला अजिबात नव्हता, गोंधळलेला होता. तो खिडकीतून वाकून चाचांशी भराभर बोलायला लागला. चाचांना एक शब्द कळेना. त्यांनी आरशात, आतल्या, माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतोय तो?”

“तो म्हणतोय, तुम्ही बोलावलंत म्हणून मी आलो.”

“मी कधी बोलावलं?”

मग मला सांगावं लागलं. इथे डिपरचा अर्थ ‘तुम्ही आधी या’ असा होतो, हे सगळं. सांगताना माझा आवाज मास्तरणीसारखा झाला होता, तो मला ऐकू येत होता, आणि मला तो थांबवता आला नाही. मी हेही म्हटलं की लोक उगाच सलाम करत नव्हते.

जयरामकाका चक्क हसायला लागले होते. चाचा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा आरशातून पाहिलं.

“तुला कधी कळलं हे?”

खोटं बोलायची ती वेळ होती. आत्ताच, हा सांगतोय म्हणून कळलं, एवढं म्हटलं असतं तर गाडीत कुणालाही शंका आली नसती. पण मला खरं बोलायची हौस. खरं बोलायची आणि वर शेवटचा शब्द आपला ठेवायची.

“परवा,” मी म्हटलं. “पण तुम्ही चालवत असताना काही सांगायचं नाही ना.”

जयरामकाकांचं हसू जागच्या जागी थांबलं. चाचीनं माझ्याकडे पाहिलं नाही, चिमटाही काढला नाही. चिमटा काढला असता तर बरं झालं असतं.

चाचांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. हे हात मी साडेचार वर्षांची असल्यापासून मागून पाहत आले होते, रस्त्यात एकदाही स्टेअरिंग सोडताना पाहिले नव्हते. नदीचा आवाज येत होता. ट्रकमागे तोवर चार गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यामागे चढ होता, त्यामुळे ट्रकला मागे जाणं शक्य नव्हतं. मागे आम्हालाच जायचं होतं. शे-सव्वाशे फूट, दोन्ही बाजूंना वीतभर जागा, एका बाजूचा आरसा नाही, आणि पुलाच्या तोंडाशी वळण.

“डोळ्यांचं खरं असेल,” चाचा कुणाला तरी, बहुतेक काचेला, म्हणाले. “झालं माझं.”

त्यांनी चावी काढली. मागे वळून न बघता हात दोन सीटच्या मधून माझ्याकडे केला. चावी तळहातावर होती.

“घे. तुझं नाव हाय फॉर्मवर.”

चाचीच्या स्वयंपाकघरातलं सगळं मला तेव्हा आठवलं. अकामा, लायसन, जावई. ही चावी आज माझ्या हातात आली तर ती पुन्हा त्या खिशात जाणार नव्हती, उरलेल्या दोन दिवसांत नाही आणि नंतर तर नाहीच. पाच दिवस मला हवं होतं ते हेच होतं. पिवळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला लावलेली, घामानं ओली झालेली ती चावी.

“नको,” मी म्हटलं.

“घे म्हणतोय ना.”

“मी नाही घेणार, चाचा. तुम्हीच चालवा.”

जयरामकाका मागे वळले. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला तोंड दाखवलं. “अगो, चावी चावी करून आमची डोकी खाल्लीस. आता हातात देतायत तर नको?”

चाचा म्हणाले की कीव करू नको. कीव हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता.

इथे मी काहीतरी मोठ्या मनाचं बोलले असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी म्हटलं असतं की चौतीस वर्षं एक ओरखडा नाही, डिपरचा अर्थ बदलला म्हणून हात बदलत नाहीत, चूक माझी होती. चूक माझीच होती. हे सगळं मला नंतर सुचलं, विमानात, दुसऱ्या आणि तिसऱ्या विमानाच्या मध्ये, आणि तेव्हा चाचा झोपले होते. पुलावर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते फक्त खरं होतं.

“कीव नाही, चाचा. मला गाडी मागे घेता येत नाही. महबूलात रोज सकाळी आमची बिल्डिंग राखणारा हारिस मला ती पार्किंगमधून काढून देतो. ऑफिसात तिथला वॉचमन काढतो. मी नुसती पुढे चालवते.”

चाचांचा हात थोडा वेळ तसाच मधे राहिला. मग तो हळूहळू पुढे गेला, चावीसकट.

कुणी काही बोललं नाही. मीठ कमी पडल्याचं सत्तावीस वर्षं न चुकता सांगणारे जयरामकाकासुद्धा. ट्रकवाल्याला ही शांतता बघवेना. त्यानं खिडकीतून वाकून मला विचारलं, तुमच्या म्हाताऱ्यांना एकाएकी झालं काय? मी त्याला इंग्रजीत पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, हारिसपर्यंत. मग तोही गप्प झाला.